होम स्क्रीनवरची विजेट्स: काही महिन्यांच्या वापरानंतर

कॅलेंडर, हवामान, कामांची यादी आणि पावलं मोजणारं असं एकेक विजेट (ॲप न उघडता होम स्क्रीनवरच माहिती दाखवणारा चौकोन), एका अँड्रॉइड फोनवर आणि एका आयफोनवर, बरेच महिने वापरून झालं. कॅलेंडरवर मी बेहद्द खूश. हवामानाचं मात्र दुपारी दोनला साडेबाराचं तापमान दाखवत बसतं. ॲप उघडलं की आकडा लगेच बदलतो.

पण यात दर वेळी ॲप बनवणाऱ्यांना शिव्या घालण्यात अर्थ नाही. अँड्रॉइडमध्ये विजेट आपोआप ताजं करण्याची जी मूळ सोय आहे, ती ३० मिनिटांच्या आत चालतच नाही. ॲप बनवणाऱ्यांनी वर्कमॅनेजर (ॲपची कामं पडद्यामागे ठरावीक वेळाने उरकणारी अँड्रॉइडची सोय) वापरला तर किमान अंतर १५ मिनिटांवर येतं, तेही नुसतं म्हणायला, कारण फोन बराच वेळ टेबलावर पडून राहिला की अँड्रॉइड ६ पासून आलेला, बॅटरी वाचवणारा डोझ मोड अशी कामं पुढे ढकलतो. बॅटरी सेटिंगमध्ये ॲपवरचे निर्बंध काढल्यावर थोडा फरक पडला. थोडाच.

आयफोनचा हिशेब वेगळा. २०२० मध्ये आयओएस १४ सोबत आलेल्या विजेटकिटमध्ये (विजेट बनवण्यासाठीच्या ॲपलच्या साधनांमध्ये) ॲप पुढच्या काही तासांच्या नोंदी आधीच सिस्टिमच्या हवाली करतं आणि सिस्टिम त्या वेळेवर दाखवत राहते. ॲपकडून अशा नोंदींची नवी यादी मागायला रोजचा कोटा असतो: वारंवार पाहिलं जाणारं विजेट असेल तर दिवसाला साधारण ४० ते ७० वेळा. कॅलेंडरला हे फावतं, कारण चारची मीटिंग चारलाच आहे हे सकाळीच ठाऊक असतं. पावलांचं तसं नाही, म्हणून ते विजेट मी काढून टाकलं. गंमत म्हणजे उलटी मोजणी दाखवणारं टायमर विजेट सेकंदासेकंदाला हलतं आणि कोट्याला धक्काही लागत नाही; ते आकडे सिस्टिम स्वतःच पळवते.

कामांच्या यादीत आयओएस १७ पासून विजेटवरच टिक करता येते आणि तेवढ्यापुरतं ते लगेच ताजं होतं. दुसऱ्या फोनवरून टाकलेलं काम मात्र सावकाश उगवतं.

हवामानासाठी आता मी 'सध्याचं तापमान'वालं विजेट काढून तासातासाचा अंदाज दाखवणारं ठेवलंय. कोपऱ्यात शेवटच्या अपडेटची वेळ छापतं, हे त्यातलं मला सगळ्यात आवडलेलं.