पहिला ज्यू समर कॅम्प: दोन आठवडे की चार?

न्यूजर्सी-न्यूयॉर्ककडच्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, आणि मिश्र मराठी घरांत कॅम्प कोणता, हे बहुधा सिनेगॉगवरून ठरतं. कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाचा ‘रामा’ कॅम्प असो की उदारमतवादी रिफॉर्म चळवळीचा, गाडी अडते ती मुदतीपाशी. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला पहिल्या वर्षी दोन आठवडे पाठवावं की चार? आमच्या घरी चार ठरले. पण दोनची बाजूही कच्ची नाही.

दोन आठवड्यांत धुण्याची कटकट जवळजवळ नसते. अंतर्वस्त्रांचे सोळा जोड, शुक्रवार संध्याकाळी सुरू होणाऱ्या शब्बाथसाठी, म्हणजे आठवड्याच्या पवित्र सुटीसाठी, दोन पांढरे सदरे, बस्स. चार आठवड्यांत मात्र कपडे दर आठवड्याला पिशवीतून बाहेर जातात आणि अख्ख्या केबिनचे कपडे एकमेकांत मिसळून परत येतात. मार्करनं लिहिलेलं नाव काही धुण्यांतच फिकं पडतं, इस्त्रीनं चिकटवलेलं लेबल ड्रायरमध्ये सुटतं. शिवलेली पट्टीच टिकते, आणि मोजे विसरू नका. पांढरे सदरे तीन द्या, कारण धुणं शुक्रवारच्या आत येईलच असं नाही.

घरची आठवण पहिल्या तीन-चार रात्री जोरात येते. पहिला शब्बाथ तळ्याकाठी गाण्यांत गेला, हवदालाची, म्हणजे शब्बाथ संपवणाऱ्या विधीची, पिळाची मेणबत्ती विझली, की बहुतेक मुलं सावरतात. पण दुसऱ्या रात्री रडत लिहिलेलं पत्र घरी पोचतं पुढच्या आठवड्यात, म्हणजे रडू ओसरल्यावर. ते वाचून आईबाप गाडी काढायला निघतात, तोवर पोरगं पोहण्याच्या चाचणीत पास होऊन तळ्यात उतरलेलं असतं. पत्राची तारीख आधी बघा, मग केबिनच्या मद्रिखला, म्हणजे मुलांची देखरेख करणाऱ्या दादा-ताईला, निरोप द्या.

पारडं फिरवणारी गोष्ट वेगळीच आहे. अनेक कॅम्पमध्ये दोन आठवड्यांची मुलं चार आठवड्यांच्याच केबिनमध्ये घालतात. दिवसाची घडी हिब्रूतून चालते. सकाळी निकायोन म्हणजे केबिनची झाडलोट, मग खदर ओखेलमध्ये, म्हणजे जेवणाच्या हॉलमध्ये, नाश्ता, मग खुग, म्हणजे आवडीचा उपक्रम. ही घडी अंगवळणी पडायला आठवडा जातो. जेवणानंतरची बिर्कत हमाझोन ही प्रार्थना टेबलावर ठेका धरून पाठ व्हायला त्याहून जास्त. सगळं जमू लागतं, नाटकात भूमिका वाटल्या जातात, आणि दोन आठवड्यांच्या मुलाची बॅग बांधायची वेळ येते. मक्काबिया, म्हणजे रंगांच्या गटांतली मोठी स्पर्धा, बहुधा शेवटाकडे असते, तीही हुकते. शेजारच्या बंकवरची मुलं थांबतात आणि हा एकटा निघतो. पुढच्या वर्षी ‘नको’ म्हणणारी जी मुलं मी पाहिली, त्यांच्या मनात हेच खुपत होतं, घरची आठवण नव्हे.

पैशाचं थोडक्यात. दर आठवड्याचा हिशोब केला तर दोनचा मुक्काम बहुधा महाग पडतो. पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी ‘वन हॅपी कॅम्पर’ अनुदान आहे. ते १,००० डॉलरपर्यंत मिळू शकतं, पण रक्कम मुक्कामाच्या दिवसांवर आणि तुमच्या भागातल्या संस्थेवर ठरते. नोंदणीआधी विचारा.

चार आठवडे ठरले तर पहिलं सत्र की दुसरं, हा मुद्दा मागाहून येतोच. तिशा बआव, म्हणजे जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या शोकाचा उपवास, आपल्या आजी-पणजीचा बिरड्याचा रोजा, जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत कधीही येतो, म्हणून बहुतेक वेळा दुसऱ्या सत्रात सापडतो. परंपरा पाळणाऱ्या कॅम्पमध्ये त्या दिवसापर्यंतचे नऊ दिवस, शब्बाथ सोडला तर, मटण-चिकन बंद असतं. शाकाहारी मुलाचं ताट त्या दिवसांत वेगळं दिसत नाही. पण वातावरण गंभीर असतं, त्यामुळे नवख्या, हळव्या मुलाला पहिलं सत्र सोपं जाईल असं वाटतं.

मूल आजवर आजीकडेही एकटं राहिलं नसेल, तर दोनच घ्या. फक्त कॅम्पला फोन करून एक विचारा: या केबिनमधली सगळी मुलं एकाच दिवशी घरी जातात का? ‘हो’ म्हणाले तर दोन आठवडेही छान जातील. ‘नाही’ म्हणाले तर चार आठवड्यांचा, नाहीतर दुसऱ्या कॅम्पचा विचार करा.