घाटात काळा धूर, पीयूसीत पास : साताऱ्यातल्या डिझेल गॅरेजचा अनुभव

गाडी स्विफ्ट डिझेल, 2012 ची, 1248 सीसीचं 75 पीएसवालं इंजिन, एक लाख साठ हजार पळालेली. वर्षभर एकच दुखणं होतं. सपाटीला काही नाही, पण चार माणसं बसवून यवतेश्वरचा घाट चढायला लागलो, तिसऱ्यात पाय दाबला की मागं काळा लोट. एकदा मेव्हणे बाईकवर माझ्या मागं होते, वर पोचल्यावर त्यांनी तोंड पुसलं तर रुमाल काळा, आणि त्यांच्या पुढं टाकीवर भाची बसलेली. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, ठरवलं की आता खर्च होऊ दे पण याचा छडा लावायचाच.

पीयूसी मात्र दरवेळी पास. धुराच्या दाटपणाची मर्यादा 1.62 आणि माझा आकडा 1.3. नंतर कळलं की पीयूसीला गाडी न्यूट्रलला उभी करून नुसता अ‍ॅक्सिलरेटर दाबतात, इंजिनवर ओझं काहीच नसतं, त्यामुळं टर्बोच्या (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) हवेतली खोट तिथं पूर्ण दिसतच नाही. म्हणून पीयूसी पास आहे म्हणजे गाडी ठीक आहे असं धरून बसू नका, घाटात मागच्या गाडीवाल्याला विचारा.

आधी दोन ठिकाणी दाखवली होती. एकानं टर्बो खोलून साफ करून बसवला, धूर उलट वाढला, मग म्हणाला टर्बोच गेलाय, नवीन टाका, अठ्ठावीस हजार. दुसरा म्हणाला रीमॅप करू (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलू), पिकअपपण येईल. आता काळा धूर म्हणजे मुळात डिझेल जास्त आणि हवा कमी, त्यात रीमॅप करून अजून डिझेल ओतलं तर काय होणार? दोघांनीही गाडीला एकदासुद्धा मीटर लावला नाही, राग त्याचाच आहे.

मग ऑफिसातल्या एकानं एमआयडीसीतलं हे गॅरेज सांगितलं. पत्र्याचं शेड, दोन गाड्या मावतील एवढी जागा, मिस्त्रीकाका साठीच्या पुढचे, आयुष्य पंप-नोझल आणि टर्बोत गेलेलं, जोडीला एक पोरगा. मी जाऊन लगेच म्हणलं, "काका, टर्बो गेलाय म्हणतात." ते म्हणाले, "कोण म्हणतंय ते ऱ्हाऊ द्या, आधी हवा बगू, डिझेलचं मागनं."

पहिलं काम काय केलं तर किल्ली ऑन, इंजिन बंद, आणि स्कॅनर लावून मॅप सेन्सरचा (इंजिनात जाणाऱ्या हवेचं प्रेशर मोजणारा) आकडा मला दाखवला, 93 किलोपास्कल. म्हणाले ही नुसती बाहेरची हवा, सातारा उंचावर म्हणून 93, हीच गाडी खाली चिपळूणला नेली तर शंभराच्या आसपास दाखवंल, महाबळेश्वरला अजून कमी. म्हणजे सेन्सर खरं बोलतोय हे आधी ठरवलं. मग मला शेजारी बसवून घाटात नेलं, तिसऱ्या गिअरला पूर्ण पाय दाबला तर आकडा 155 च्या वर जाईना. टर्बो हवा देतोय पण पाहिजे तेवढी इंजिनात पोचत नाही.

परत येऊन टर्बोच्या तोंडाला बूच लावून कंप्रेसरची हवा बेतानं आत सोडली आणि पोरानं सगळ्या पाइपांवर साबणाचं पाणी मारलं, पंक्चरवाला ट्यूब तपासतो तसंच. इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) होजखाली, म्हणजे रबरी नळीखाली, वरून दिसत नाही अशा जागी, फेस यायला लागला. हात घालून बघितलं तर बोटाला तेलकट काळं लागलं, होज बोटभर चिरलेली, एरवी मिटलेली राहते आणि प्रेशर आलं की उघडते. काकांनी इथं जे सांगितलं ते मला कुणीच सांगितलं नव्हतं: हवा मोजणारा सेन्सर टर्बोच्या आधी बसतो, त्यानं मोजलेल्या हवेच्या हिशोबानं ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, डिझेल सोडतो, आणि मोजलेली हवा मधेच चिरीतनं बाहेर गेली तर डिझेल तेवढंच, हवा कमी. धूर तिथला.

होज बदलून आकडा 180 पर्यंत आला, धूर निम्म्यावर, पण काका खूश नव्हते. वेस्टगेट म्हणजे टर्बोला वळसा देऊन एक्झॉस्ट सोडणारं झाकण, ते उघडणाऱ्या अ‍ॅक्च्युएटरला गेजवाला हातपंप लावला, तर रॉड जेवढ्या प्रेशरला हलायला पाहिजे त्याच्या बऱ्याच आधी हलत होता. म्हणजे गेट लवकर उघडून एक्झॉस्ट टर्बोला न फिरवताच निघून जात होता. रॉडवरच्या नटला पान्याचे ताजे ओरखडे होते, आधीच्या ठिकाणी टर्बो काढला तेव्हा सेटिंग हललेलं. दहा नंबरचा पाना घेऊन अर्धा आटा, परत पंप, परत अर्धा आटा, मग लॉकनट आवळून त्यावर पांढऱ्या रंगाची रेघ मारली. परत घाट, आकडा 200 ला टेकून स्थिर. मेव्हणे मुद्दाम मागनं आले होते, म्हणाले काहीच दिसलं नाही.

मी विचारलं, अजून अर्धा आटा दिला तर पिकअप वाढेल का, तर सरळ नाही म्हणाले. कंपनीच्या आकड्याच्या वर नेलं तर ईसीयू गाडी लिंप मोडला टाकतो, म्हणजे ताकद मुद्दाम कमी करतो, नाहीतर टर्बोचा शाफ्ट जास्त फिरून खरंच जातो, आणि आपल्याकडं उंचावर हवा विरळ म्हणून टर्बो आधीच जास्त फिरत असतो. "धूर घालवायला जेवढी लागती तेवढीच हवा, शर्यत लावायचीया का?" हे ऐकून माझा विश्वास बसला, कारण दोन हजार जास्त घेऊन आटा फिरवणारे पुष्कळ आहेत.

ईजीआर व्हॉल्व्हपण (थोडा एक्झॉस्ट परत इंजिनात सोडणारा) काढून साफ केला, डांबरासारखी काजळी निघाली. एअर फिल्टर नवीन. सगळं मिळून 4,300, त्यात होज आणि क्लिपा आल्या, जुनी होज हातात दिली. महिन्यानं पीयूसी केली, 0.6. अ‍ॅव्हरेज तीन टाक्या फुल टू फुल काढून लिटरला दीडेक किलोमीटर वाढलंय.

तक्रारीच्या गोष्टीपण आहेत. एक दिवस सांगून अडीच दिवस ठेवली, होज पुण्यावरनं मागवावी लागली ते ठीक पण फोन उचलत नाहीत, दोनदा उगाच हेलपाटा झाला. बसायला जागा नाही, घरच्यांना घेऊन जाऊ नका. बिल वहीतल्या कागदावर.

आणि निळा किंवा पांढरा धूर असेल तर हे सगळं कामाचं नाही, निळा म्हणजे ऑइल जळतंय, पांढऱ्याला नोझल नाहीतर कूलंट बघावं लागतं, ते दुखणं वेगळं. दिवाळीनंतर एकदा रेघ हललीय का बघायला या म्हणालेत, त्याचे पैसे घेणार नाहीत.