पद्मिनीच्या प्लग वायरी: आठ महिन्यांनंतर

वडिलांची 1979 ची प्रीमियर पद्मिनी अजून चालू आहे. रविवारी सांगलीहून नरसोबाच्या वाडीला जायचं आणि वाटेत आकाशवाणी सांगली लावायची, एवढंच तिचं काम. पण इंजिन सुरू केलं की 1251 किलोहर्ट्झवरच्या अभंगात टक-टक-टक सुरू. रेस वाढवली की टकटकही पळायची.

चूक माझीच. प्लगपर्यंत ठिणगीची वीज नेणाऱ्या जुन्या वायरी तडकल्या म्हणून दुकानदाराच्या नादाने तांब्याच्या तारेच्या जाड लाल वायरी घेतल्या. ‘ठिणगी जोरात पडते’ म्हणे. इंजिन छानच चाललं, खोटं कशाला बोलू. पण तांब्यात रोध नसल्यासारखाच, त्यामुळे ठिणगीचा झटका अडत नाही आणि वायरच एरियल होऊन बसते. शेजारचे काका म्हणायचे, “तू गल्लीत वळलास की आमचा रेडिओ सांगतो.” एफएमवर हा त्रास फारसा जाणवत नाही, म्हणून आमच्या चिरंजीवांना माझी कटकट कळायचीच नाही.

मग कार्बन कोअरच्या, म्हणजे आत तांब्याऐवजी रोध असलेला कार्बनचा धागा असलेल्या वायरी आणल्या. एक काढायची, तिथेच नवी लावायची, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा 1-3-4-2 हा क्रम चुकत नाही. मिस्त्रींनी दिसायला बरं म्हणून सगळ्या एका गठ्ठ्यात बांधल्या होत्या, त्या मी सोडल्या. 3 नंतर लगेच 4 पेटतो. या दोन वायरी चिकटून गेल्या तर एकीचा झटका दुसरीत उतरू शकतो. टकटक बरीच गेली. उरलेली गेली ती नंबरात ‘आर’ असलेले, म्हणजे आत रेझिस्टर असलेले प्लग टाकल्यावर. पिकअपमध्ये मला तरी काही फरक जाणवला नाही.

पावसाळ्यात मात्र गाडी मिसिंग करायला लागली, म्हणजे मध्येच एखादा सिलिंडर पेटेना. सगळे पाण्याला दोष देत होते. मीटर लावला तर बाकीच्या तीन वायरी काही हजार ओम रोध दाखवत होत्या, दोन नंबरच्या वायरीतून मात्र वीज जातच नव्हती. प्लग साफ करताना कोणीतरी वायर धरून ओढली होती आणि आतला कार्बनचा धागा तुटला होता. रबरी टोपी धरूनच काढायची, हे आता मी मिस्त्रींच्या शेजारी उभा राहून सांगतो. तांब्याची वायर असली ओढाताण सोसते, हा तिचा गुण मानलाच पाहिजे.

रेस वाढवल्यावर बारीक शिट्टी अजून येते. ती डायनॅमोची, म्हणजे गाडीत वीज तयार करणाऱ्या यंत्राची, वायरींचा तिच्याशी संबंध नाही. दिवाळीनंतर डायनॅमोचे ब्रश बघायला गाडी सोडणार आहे.