मधुमेही मांजराचे दात: आधी शस्त्रक्रिया की आधी साखर?

मांजर वाडग्यापाशी येते, वास घेते, एक दाणा तोंडात घेऊन मान एका बाजूला कलती करते, आणि तो दाणा तसाच पुन्हा खाली पडतो. भूक आहे, पण चावता येत नाही. अशा मांजराला मधुमेहही असेल आणि पशुवैद्यांनी भूल देऊन दात काढायला सांगितले असेल, तर पालकापुढे दोन वाटा उरतात. पहिली म्हणजे साखर स्थिर होईपर्यंत काही आठवडे थांबणे, आणि दुसरी म्हणजे साखर पूर्ण आटोक्यात नसतानाही तोंडाचे काम उरकून घेणे. सावधगिरी म्हणून बहुतेकांचा कल पहिल्या वाटेकडे असतो. ती वाट प्रत्येक वेळी सुरक्षित असतेच असे मात्र नाही.

थांबण्याच्या बाजूची कारणे आधी पाहू, कारण काही परिस्थितींत ती निर्णायक असतात. मांजराच्या लघवीत किंवा रक्तात कीटोन (इन्सुलिन कमी पडून शरीर चरबी जाळू लागले की तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ) सापडत असतील, उलट्या होत असतील, अंगातले पाणी कमी झाले असेल किंवा ते मलूल पडून असेल, तर दातांचा विषय बाजूला ठेवून आधी त्यावर उपचार करावे लागतात. कीटोअॅसिडोसिस (कीटोन साचून रक्त आम्लधर्मी होणे) झालेल्या मांजराला दातांसाठी भूल देणे कोणताही जबाबदार पशुवैद्य टाळेल. साखर सतत फार चढलेली असेल तर लघवीवाटे पाणी निघून जाते, भुलेखाली रक्तदाब घसरण्याची शक्यता वाढते, आणि जखम भरायला वेळ लागून जंतुसंसर्गाला वाव मिळतो. मधुमेहाचे निदान नुकतेच झाले असेल आणि इन्सुलिनचा डोस अजून बदलत असेल, तर दोन-चार आठवडे देणे रास्त आहे.

तरीही थांबण्याला मुदत हवी, कारण तोंडाचे दुखणे आणि रक्तातली साखर या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. हिरड्यांतला जुना संसर्ग आणि सूज यांमुळे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. डोस वाढवत जावे आणि साखर मात्र जागची हलू नये, असा अनुभव येतो तेव्हा पुष्कळदा अडचण इन्सुलिनमध्ये नसून तोंडात असते. अशा मांजराची साखर उतरण्याची वाट पाहत बसणे म्हणजे तिला चढवणारे कारण तसेच ठेवून ती उतरेल अशी आशा धरणे होय. दात काढल्यानंतर इन्सुलिनची गरज कमी झाल्याचे अनेक मांजरांत दिसते, आणि काही मांजरांचे इन्सुलिन पुढे बंदही करता येते. म्हणून मांजर खात-पीत असेल, कीटोन नसतील आणि डोस साधारण ठरलेला असेल, तर साखर थोडी चढी असली तरी शस्त्रक्रियेच्या बाजूने कौल द्यावा, असे माझे मत आहे.

‘थोडी चढी’ म्हणजे किती, हा प्रश्न इथे येतोच. दवाखान्यात पिंजऱ्यातून काढून घेतलेल्या एका थेंबावरून त्याचे उत्तर ठरवू नये, कारण केवळ घाबरल्यामुळे निरोगी मांजराची साखरही 300 मिलीग्रॅम प्रति डेसिलिटरच्या घरात जाऊ शकते. त्यापेक्षा घरी दिवसभर दर दोन तासांनी घेतलेल्या नोंदी, किंवा मागच्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी दाखवणारी फ्रुक्टोसामीन तपासणी, अधिक विश्वासाची. भुलेखालीसुद्धा साखर निरोगी मांजराइतकी खाली आणण्याचा प्रयत्न कोणी करत नाही. साधारण 150 ते 250 हा पट्टा चालवून घेतला जातो. काही तास चढलेली साखर सहन होते, पण बेशुद्ध मांजराची साखर घसरली तर ते ना डळमळून दाखवू शकते ना ओरडून.

केवळ प्रतिजैविकांवर दिवस काढणे आणि भूल न देता दात खरवडून घेणे, असे आणखी दोन पर्याय सुचवले जातात. प्रतिजैविकाने वास आणि सूज काही दिवस कमी होते, पण मुळाशी कुजलेला दात जागेवरच राहतो. भुलेविना खरवडण्याने फक्त दिसणारे कीटण निघते. हिरडीखालचे काही साफ होत नाही, दातांचे एक्स-रे निघत नाहीत, आणि मांजरांमध्ये वारंवार आढळणारे दात विरघळण्याचे दुखणे त्या एक्स-रेशिवाय नीट कळत नाही. या पर्यायाला माझ्या लेखी जागाच नाही.

शस्त्रक्रिया ठरली की खरी तुलना त्या सकाळची असते. जुन्या पद्धतीप्रमाणे मध्यरात्रीपासून उपाशी ठेवून इन्सुलिन पूर्ण बंद करत. आताच्या पद्धतीत मधुमेही मांजराचा उपवास दोन ते चार तासांपुरता ठेवण्याकडे कल आहे: पहाटे ओल्या अन्नाचा छोटा घास, नेहमीच्या सकाळच्या डोसच्या साधारण निम्मे इन्सुलिन, पिण्याचे पाणी समोरून न काढणे, आणि दिवसातली पहिली शस्त्रक्रिया याच मांजराची. इन्सुलिन पूर्ण बंद ठेवल्यास साखर चढत जाते आणि पूर्ण डोस दिल्यास रिकाम्या पोटी ती कोसळते, म्हणून निम्म्याचा मार्ग. मात्र सकाळी साखर मुळातच कमी आली तर इन्सुलिन द्यायचे की नाही, आणि किती आकड्याखाली द्यायचे नाही, हे आदल्या दिवशी पशुवैद्यांकडून कागदावर लिहून घ्यावे. पहाटे पाच वाजता आठवणीवर विसंबू नये.

निम्मा डोस मोजणे बोलण्याइतके सोपे नाही. नेहमीचा डोस एक युनिट असेल तर अर्धे युनिट नुसत्या नजरेने भरता येत नाही. त्यासाठी अर्ध्या युनिटच्या खुणा असलेली बारीक सिरिंज लागते. घाईत सिरिंज बदलली तर आणखी घोटाळा होतो, कारण एका मिलीलिटरमध्ये 100 युनिट असलेले इन्सुलिन 40 युनिटच्या इन्सुलिनसाठी बनवलेल्या सिरिंजमधून भरल्यास त्याच खुणेवर अडीचपट डोस जातो.

मांजर इन्सुलिनऐवजी बेक्साग्लिफ्लोझिन किंवा व्हेलाग्लिफ्लोझिन घेत असेल तर वरचा सगळा हिशेब बदलतो. ही औषधे साखर लघवीवाटे बाहेर काढतात, आणि त्यांच्यावर असलेले मांजर उपाशी राहिले की साखर जवळपास ठीक दिसत असतानाही कीटोन साचू शकतात. त्यामुळे औषध किती दिवस आधी थांबवायचे हे पशुवैद्यांशी बोलून तारीख घेतानाच ठरवावे लागते, आणि नंतर ग्लुकोमीटरच्या जोडीला कीटोन तपासणीही हवी.

दवाखाना निवडताना मी यंत्रांच्या चकाकीपेक्षा चार उत्तरांना किंमत देईन. भुलेखाली साखर दर अर्ध्या ते एका तासाने तपासणार का? गरज पडल्यास डेक्स्ट्रोजची (साखरेची) सलाईन तयार असेल का? वेदनेसाठी स्टेरॉइड टाळणार का, कारण त्याने साखर चढते? आणि तोंड उघडे ठेवायला स्प्रिंगचा जबडा-ताण वापरणार का, कारण मांजरात त्याने मेंदूकडे आणि डोळ्यांकडे जाणारा रक्तपुरवठा दबून अंधत्व आल्याची उदाहरणे आहेत? काढायचे दात पुष्कळ असतील तर एकाच दिवशी सगळे की दोन टप्प्यांत, हेही विचारावे. दोन टप्प्यांत प्रत्येक वेळची भूल आखूड राहते, पण उपवास आणि बदललेला डोस दोनदा सोसावा लागतो. मांजराची तब्येत बरी असेल तर मला एकच दिवस बरा वाटतो.

घरी आल्यावर पहिले काम खाण्याचे. मऊ, किंचित कोमट अन्न त्याच संध्याकाळी थोडे तरी पोटात जायला हवे, कारण मांजर काही दिवस उपाशी राहिले तर यकृतात चरबी साचते. न खाल्लेल्या मांजराला नेहमीचा पूर्ण डोस आपल्या मनाने देऊ नये, आणि माणसांचे पॅरासिटामॉल तर त्याला विषच. तोंडातले कारण गेल्यामुळे पुढच्या काही दिवसांत जुनाच डोस जास्त ठरू शकतो, म्हणून साखर नेहमीपेक्षा अधिक वेळा मोजावी. ती घसरून मांजर लटपटू लागले तर मध किंवा साखरेचा पाक टाक्यांपासून दूर, गालाच्या आतल्या बाजूला बोटाने चोळावा आणि लगेच दवाखान्याला फोन करावा.