निधनवार्ता, दुहेरी पेन्शन आणि ‘जय हिंद’ म्हणणारा फोन

माझे वडील ऑगस्ट २०२३ मध्ये, वयाच्या ७३ व्या वर्षी वारले. तिसऱ्या दिवशी वृत्तपत्रात आलेली त्यांची निधनवार्ता मीच लिहिली होती आणि आमची पुढची फसवणूक त्या मजकुरावरच बेतलेली होती, याविषयी माझ्या मनात शंका उरलेली नाही. १९६८ मध्ये मराठा लाइट इन्फंट्रीत भरती, १९७१ च्या युद्धात पूर्व सीमेवर कामगिरी, १९८३ मध्ये पंधरा वर्षांची सेवा पूर्ण करून निवृत्ती, त्यानंतर टपाल खात्यात पोस्टमन आणि २०१० मध्ये तेथूनही सेवानिवृत्त, एवढा सगळा तपशील मी अभिमानाने दिला होता. खाली आईचे नाव होते, आणि भेटीला येणाऱ्यांची सोय व्हावी म्हणून घराचा पत्ता व आईचा मोबाइल क्रमांकही होता. हीच वार्ता आम्ही व्हॉट्सॲपवर नातेवाइकांच्या गटांत पाठवली आणि ती पुढे कुठवर गेली याचा हिशेब कोणाकडेच नाही.

वडील स्वतः अशा बाबतीत फार कडक होते. मनीऑर्डरची रक्कम ते नाव असलेल्या माणसाच्याच हातात देत. निराधार योजनेचे पैसे घेऊन गेल्यावर म्हातारीऐवजी सून पुढे आली, तर ते ओट्यावर बसून राहत, पण म्हातारी बाहेर येईपर्यंत पिशवी उघडत नसत. अंगठा घ्यायचा झाला तर शेजारचा साक्षीदार हवाच. त्यांच्या लष्कराच्या आणि टपाल खात्याच्या अशा दोन्ही पेन्शनचे आदेश, म्हणजे पीपीओ, एका पत्र्याच्या पेटीत १९७१ च्या युद्धाबद्दल मिळालेल्या ‘पूर्वी स्टार’ पदकाच्या डबीखाली घडी करून ठेवलेले होते, आणि पेटीची किल्ली आईलासुद्धा मागावी लागे. मी व्यवसायाने लेखापाल आहे, म्हणजे कागद वाचण्याचा पगार घेतो, हेही येथेच सांगितलेले बरे.

चौदाव्या दिवशी संध्याकाळी आईच्या फोनवर कॉल आला. “जय हिंद काकू, पेन्शन कार्यालयातून बोलतोय,” अशी सुरुवात होती. वडिलांची भरती, निवृत्ती, दोन्ही खात्यांतील सेवा हे सगळे त्याला पाठ होते. आईने फोन माझ्याकडे दिला. तो शांतपणे म्हणाला की लष्करातून निवृत्त होऊन दुसऱ्या सरकारी नोकरीतूनही पेन्शन मिळवणाऱ्याच्या पत्नीला आता त्याच्या मृत्यूनंतर दोन्ही कुटुंब निवृत्तिवेतने मिळतात, हा नियम २४ सप्टेंबर २०१२ पासून लागू आहे आणि तेव्हापासूनची थकबाकीही आईला मिळेल; मात्र लष्करी पेन्शनच्या ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीवर त्याच रात्री नोंद झाली नाही तर प्रकरण मागे पडेल.

मी तो बोलत असतानाच इंटरनेटवर शोधले, आणि नियम खरा निघाला. पूर्वी अशा कुटुंबाला दोहोंपैकी एकच पेन्शन निवडावी लागे. २४ सप्टेंबर २०१२ पासून दोन्ही मिळू लागल्या. नियम खरा आहे म्हटल्यावर माणूसही खरा आहे असे मी धरून चाललो. थोडे थांबलो असतो तर चूक तिथेच हाती लागली असती. कुटुंब निवृत्तिवेतन सुरू होते ते निवृत्तिवेतनधारकाच्या मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून. वडील २०२३ मध्ये गेले असताना आईला २०१२ पासूनची थकबाकी मिळणारच कशी? २०१२ पासूनच्या थकबाकीची ती सवलत, त्या तारखेआधी ज्यांचे पती वारले होते अशा स्त्रियांसाठी होती. हा हिशेब मला सुचला तो तीन दिवसांनी, पोलीस ठाण्याच्या बाकावर बसलेला असताना.

त्याने व्हॉट्सॲपवर एक एपीके फाइल, म्हणजे फोनवर थेट बसवायचे ॲप, पाठवली. चिन्हावर राजमुद्रा होती. मी ती आईच्या फोनवर बसवली, त्या ॲपने मागितलेल्या सगळ्या परवानग्या दिल्या (एसएमएस वाचण्याचीसुद्धा), आणि ‘पडताळणी शुल्क’ म्हणून दहा रुपये भरण्यासाठी आईच्या डेबिट कार्डाचा क्रमांक व पिन त्यात टाकला. दहा रुपये गेले, “नोंद यशस्वी” असे आले आणि त्याने आईला नमस्कार सांगून फोन ठेवला. रात्री दोनच्या सुमारास चार व्यवहारांत ३,८४,००० रुपये खात्यातून निघून गेले. बँकेचा एकही संदेश आम्हाला दिसला नाही, कारण ओटीपीसह सगळे संदेश ते ॲप परस्पर दुसरीकडे पाठवत होते. सकाळी दहा वाजता पासबुक भरून घ्यायला गेलो तेव्हा यंत्रातून बाहेर आलेल्या पानावर शेवटची शिल्लक २,११६ रुपये होती. आईला वाटले, यंत्र बिघडले असावे.

बँकेतूनच सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार केली आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंद केली. तोवर आठ तास उलटले होते. ९१,००० रुपये पुढच्या एका खात्यात गोठवता आले, बाकीचे एटीएममधून काढले गेले होते. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाने स्वतःच गोपनीय माहिती दिली असेल तर तक्रार नोंदवेपर्यंतचे नुकसान त्याचेच असते, हे बँकेने मला लेखी कळवले. त्यावर वाद घालायला माझ्याकडे काही नव्हते.

खरी प्रक्रिया कशी असते ते नंतर स्वतः फिरून कळले, म्हणून लिहितो. पीपीओवर पत्नीचे नाव असेल तर मृत्यूचा दाखला, पीपीओची प्रत, पत्नीची ओळखपत्रे आणि बँक खात्याचा तपशील एवढ्यावर काम होते. लष्कराच्या पेन्शनसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज भरायला मदत मिळते, टपाल खात्याच्या पेन्शनसाठी बँकेत किंवा खात्याकडे जावे लागते, आणि यांपैकी कोठेही कोणी शुल्क, पिन किंवा ओटीपी मागितला नाही. सामान्य कुटुंब निवृत्तिवेतन शेवटच्या मूळ वेतनाच्या ३० टक्के, पण किमान ९,००० रुपये असते. त्यावर महागाई भत्ता वेगळा. हयातीचा दाखला द्यायचा तो नोव्हेंबरमध्ये, आणि ८० वर्षांवरील व्यक्तींना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. आईचा दाखला पुढच्या वर्षी पोस्टमनने घरी येऊन, बोटाचा ठसा घेऊन काढून दिला. त्याचे ७० रुपये त्याने पावतीसह घेतले. निधनवार्तेत आता मी कोणालाही नाव, वय आणि वेळ याहून अधिक काही घालू देत नाही. सेवेचा तपशील शोकसभेत सांगता येतो आणि फोन क्रमांक द्यायचाच झाला तर पुरुषाचा असो वा स्त्रीचा, मृताच्या पेन्शनच्या खात्याशी जोडलेला तरी नसावा.

डिसेंबरमध्ये आईला पुन्हा एक फोन आला. “जय हिंद काकू, सैनिक कल्याण कार्यालयातून बोलतोय, तुमच्या अर्जावर एक सही राहिली आहे.” आईने एक शब्दही न बोलता फोन कापला, आणि त्याने पुन्हा लावला तेव्हा बंदच करून ठेवला. दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन कार्यालयात गेलो. फोन करणारे निवृत्त हवालदार टेबलामागून उठून उभे राहिले, आईला खुर्ची दिली आणि म्हणाले, “काकू, तुम्ही बरोबर केलंत.” सही मात्र त्यांनी आईचे ओळखपत्र पाहूनच घेतली.