आयरिश पूर्वजांचा माग: आयरिशजीनिऑलॉजी डॉट आयई या सरकारी संकेतस्थळाची पारख

आयर्लंड सोडून अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात गेलेल्या किंवा ब्रिटिश फौजेबरोबर थेट मुंबई इलाख्यात आलेल्या माणसाचे मूळ घर शोधायचे असेल, तर पैसे घेणाऱ्या वंशावळ कंपन्यांकडे वळण्याआधी आयर्लंड सरकारचे आयरिशजीनिऑलॉजी डॉट आयई उघडावे. वर्गणी नाही, खाते उघडायची सक्ती नाही. जन्म, विवाह, मृत्यूच्या मूळ रजिस्टरचे अख्खे पान पीडीएफमध्ये उतरवून घेता येते. शेजारच्या इंग्लंडमध्ये त्याच काळातल्या जन्मनोंदीची प्रत हवी असेल तर पैसे मोजावे लागतात. नोंदींसाठी या सेवेला पूर्ण गुण द्यायला हवेत. शोधायच्या सोयीला मात्र निम्मेच.

आधी इथे काय मिळते ते. कॅथलिक सोडून इतरांच्या विवाहांची सरकारी नोंद 1 एप्रिल 1845 पासून सुरू झाली. जन्म, मृत्यू आणि कॅथलिक विवाह 1 जानेवारी 1864 पासून नोंदले जाऊ लागले. अलीकडच्या बाजूला गोपनीयतेची मर्यादा आहे: जन्माला 100 वर्षे, विवाहाला 75 आणि मृत्यूला 50 वर्षे झाल्याशिवाय पान खुले होत नाही. आज उत्तर आयर्लंडमध्ये असलेल्या सहा परगण्यांच्या (काउंटींच्या) नोंदी 1921 पर्यंत इथेच आहेत. त्यापुढच्या नोंदींसाठी बेलफास्टच्या नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर पैसे भरावे लागतात.

म्हणजे 1845 ते 1852 च्या दुष्काळात जहाजावर चढलेल्या माणसाच्या स्वतःच्या जन्माची सरकारी नोंद इथे सापडणार नाही. पुष्कळ लोक इथेच निराश होऊन परत फिरतात. अशा वेळी मागे राहिलेल्या भावंडांची लग्ने आणि आईवडिलांचे मृत्यू शोधावेत. 1864 नंतर वारलेली ऐंशी वर्षांची आई या रजिस्टरमध्ये असू शकते, आणि तिच्या मृत्यूची खबर देणाऱ्या मुलाचे किंवा सुनेचे नाव त्याच ओळीत असते.

शोधाला सुरुवात मात्र या संकेतस्थळावरून करू नये. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे आडनावाबरोबर गाव सांगितल्याशिवाय नामावळीचे पान निघत नाही, तसेच इथे आहे. नुसते ‘मेरी सलिव्हन, जन्म 1870 च्या सुमारास’ घातले तर याद्यांची पाने संपत नाहीत. आधी स्थलांतरित माणूस जिथे पोचला त्या देशातली कागदपत्रे पिंजून काढावीत. अमेरिकेतल्या मृत्यूच्या दाखल्यावर बहुधा आईवडिलांची नावे असतात. आयर्लंडच्या मृत्यूनोंदीत ती नसतात. 1906 नंतरच्या नागरिकत्वाच्या अर्जात जन्मस्थळ लिहिलेले असते, त्याआधीच्या अर्जात बहुतेक वेळा फक्त ‘आयर्लंड’. चर्चमधली विवाहनोंद, थडग्यावरचा मजकूर, न्यूयॉर्कच्या एमिग्रंट सेव्हिंग्ज बँकेची खातेपुस्तके आणि बोस्टनच्या ‘पायलट’ वृत्तपत्रातल्या हरवलेल्या नातलगांच्या जाहिराती यांतून परगण्याच्याही पुढे, थेट गावापर्यंत जाता येते. कुटुंबात ‘आम्ही कॉर्कचे’ असे सांगत आले असतील तर तेवढ्यावर विसंबू नये. कॉर्कजवळचे क्वीन्सटाउन, म्हणजे आजचे कोव्ह, हे बंदर होते. कुठल्याही परगण्यातला माणूस तिथून निघाला की पुढच्या पिढ्यांच्या तोंडी तो कॉर्कचा होऊन बसे.

नाव आणि वय जुळले की माणूस सापडला असे मानण्याची किंमत ॲनी मूरच्या उदाहरणात दिसते. 1 जानेवारी 1892 रोजी न्यूयॉर्क बंदरात एलिस आयलंडचे स्थलांतरितांच्या तपासणीचे स्थानक उघडले. तिथे उतरलेली पहिली प्रवासी म्हणजे कॉर्कची ही मुलगी, दोन भावांबरोबर आलेली. ती पुढे टेक्सासला गेली, असे कित्येक दशके सांगितले जात होते. 2006 मध्ये कागद तपासले गेले तेव्हा टेक्सासची ॲनी मूर इलिनॉयमध्ये जन्मलेली निघाली. खरी ॲनी आयुष्यभर न्यूयॉर्कमध्येच राहिली होती. इतक्या प्रसिद्ध मुलीबाबत हे घडले, तर ज्या नावाची माणसे प्रत्येक परगण्यात आहेत तिथे किमान तीन गोष्टी जुळवल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये: वडिलांचे नाव, आईचे माहेरचे आडनाव आणि टाउनलँड. टाउनलँड म्हणजे मोजक्या घरांचा, स्वतंत्र नाव असलेला जमिनीचा तुकडा. आयर्लंडमध्ये असे साठ हजारांहून जास्त आहेत आणि एकच नाव अनेक परगण्यांत येते.

आता प्रत्यक्ष शोध. सिव्हिल रेकॉर्ड्स आणि चर्च रेकॉर्ड्स हे दोन विभाग वेगळे आहेत. एकात मिळाले नाही म्हणजे दुसऱ्यात नाही असे होत नाही. सिव्हिलमध्ये आडनाव, नाव, वर्षांचा पट्टा आणि नोंदणी जिल्हा भरावा. सांगितलेल्या वयाच्या अलीकडे-पलीकडे पाच वर्षे धरावीत, कारण वये सर्रास चुकीची सांगितली जात. आडनाव ‘ओ’ लावून आणि न लावता असे दोन्ही प्रकारे घालावे. एकोणिसाव्या शतकात पुष्कळ घराण्यांनी ‘ओ’ आणि ‘मॅक’ गाळले आणि नंतर काहींनी परत लावले. नोंदणी जिल्हा आणि परगणा एकच समजणे ही नेहमीची चूक. जिल्हे गरीब-कायद्याच्या युनियनवरून, म्हणजे गरिबांच्या मदतीसाठी केलेल्या विभागांवरून आखले होते आणि ते परगण्यांच्या सीमा ओलांडतात. कॅरिक-ऑन-शूर जिल्ह्यात टिपेररी, वॉटरफर्ड आणि किलकेनी अशा तिन्ही परगण्यांची गावे आहेत. फक्त ‘वॉटरफर्ड’ निवडून थांबणाऱ्याला तिथला पूर्वज दिसणारच नाही.

निकालाच्या ओळीत ग्रुप रजिस्ट्रेशन आयडी हा आकडा असतो, त्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. विवाह शोधताना वधू आणि वर वेगवेगळे शोधावेत. दोघांच्या ओळीत हा आकडा एकच असेल तर जोडपे एकाच नोंदीतले असण्याची शक्यता दाट, मग पान उघडून खात्री करावी. एका पानावर चार विवाह असतात, जन्माच्या पानावर दहा नोंदी. आपली ओळ वाचून झाली तरी बाकीच्या वाचाव्यात. शेजारच्या ओळीत त्याच टाउनलँडमधले चुलत घर निघते.

सर्वांत जास्त माहिती विवाहाच्या पानातून मिळते: दोघांच्या वडिलांची नावे आणि धंदे, राहण्याचे ठिकाण, साक्षीदार. आयांची नावे नसतात. वयाच्या रकान्यात ‘फुल एज’ लिहिले असेल तर 21 पूर्ण एवढाच अर्थ घ्यावा. जन्माच्या पानावर आईचे माहेरचे आडनाव असते, म्हणून कुटुंब पक्के करायला तेच पान लागते. तारखेवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नये. नोंद उशिरा केली की दंड पडे, म्हणून पालक जन्मतारीख पुढची सांगत. बाप्तिस्मा जन्माच्या ‘आधी’ झालेला दिसला तर गोंधळून जाऊ नये. चर्चची तारीख खरी धरावी.

चर्च विभाग ही या सेवेची कमकुवत बाजू. डब्लिन शहर, केरी, कॉर्क व रॉस धर्मप्रांत आणि कार्लोमधल्या चर्च ऑफ आयर्लंड या प्रोटेस्टंट पंथाच्या नोंदी, एवढाच त्याचा पसारा आहे. मेयो, गॉलवे, डोनेगलचा माणूस इथे रिकाम्या हाताने परततो. त्याने नॅशनल लायब्ररी ऑफ आयर्लंडच्या संकेतस्थळावर जावे. साधारण 1880 पर्यंतची कॅथलिक पॅरिशची (एका चर्चच्या हद्दीची) रजिस्टरे तिथे 2015 पासून फुकट पाहता येतात. नावाने शोधायची सोय नाही, पॅरिश निवडून महिन्यामागून महिना वाचत जावे लागते. नोंदी बऱ्याचदा लॅटिनमध्ये आहेत: जेम्सचा जेकोबस, विल्यमचा गुलिएल्मस. बाप्तिस्म्याच्या वेळच्या धर्मपिता आणि धर्ममातेची नावे वहीत उतरवून घ्यावीत. ती बहुधा मामा, आत्या किंवा काकाच असतात. रूट्सआयर्लंड या वर्गणीच्या सेवेत बहुतेक परगण्यांची चर्च-नोंदींची अनुक्रमणिका आहे, पण मूळ पानाचे चित्र नाही. पॅरिश माहीत नसेल तर एका महिन्याची वर्गणी भरावी, संदर्भ टिपून घ्यावेत आणि पान लायब्ररीच्या संकेतस्थळावर स्वतः पाहावे. वर्षभराची वर्गणी भरायचे कारण बहुतेकांना नाही.

जनगणना या संकेतस्थळावर नाही, ती आयर्लंडच्या नॅशनल आर्काइव्ह्जकडे फुकट आहे. 30 जून 1922 रोजी डब्लिनच्या फोर कोर्ट्समधले सरकारी दप्तर जळाले आणि 1821 ते 1851 च्या जनगणनांचा बहुतेक भाग गेला. 1861 ते 1891 चे कागद सरकारनेच आधी नष्ट केले होते. पूर्ण उरलेल्यांत सर्वांत जुन्या 1901 आणि 1911 च्या. त्या दोन्हींत एकच माणूस दहा वर्षांत पंधरा वर्षांनी म्हातारा झालेला दिसतो. 1909 पासून सत्तरी गाठलेल्यांना पेन्शन सुरू झाली होती, हे त्यामागचे मोठे कारण. दुष्काळाच्या काळातले घर शोधायला ग्रिफिथचे मूल्यांकन (1847 ते 1864), म्हणजे करासाठी केलेली जमिनी-घरांची मोजदाद, उपयोगी पडते. ‘आस्क अबाउट आयर्लंड’वर ते नकाशासह फुकट मिळते. त्यात फक्त जमीन किंवा घर धरणाऱ्याचे नाव असते, बायकामुलांची नसतात.

मुंबई, पुणे, खडकी, देवळाली इथल्या अँग्लो-इंडियन घरांना वेगळ्या दारातून यावे लागेल. ईस्ट इंडिया कंपनीच्या युरोपीय पलटणींत आयरिश शिपाई पुष्कळ होते. रॉयल बॉम्बे फ्यूजिलियर्स ही पलटण तर 1881 मध्ये रॉयल डब्लिन फ्यूजिलियर्समध्ये विलीन झाली. मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, विवाह आणि दफने ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दप्तरात एन/3 या मालिकेत आहेत. तिथून शिपायाचे नाव आणि पलटण मिळते. कंपनीच्या मुंबई फौजेचे कागद एल/एमआयएल/12 मध्ये शोधावेत. राणीच्या, म्हणजे कंपनीच्या नव्हे तर ब्रिटिश सरकारच्या, पलटणीतून पेन्शनवर गेलेल्याचे कागद लंडनमधल्या क्यू इथल्या ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात डब्ल्यूओ 97 मध्ये असतात, आणि त्यांत बहुधा जन्माची पॅरिश, जवळचे शहर आणि परगणा लिहिलेला असतो. फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटीची यादी फुकट शोधता येते, ती आधी पाहावी. पॅरिश हातात आली की मगच आयरिश रजिस्टरे उघडावीत.

आजी किंवा आजोबा आयर्लंड बेटावर जन्मलेले असतील आणि आयरिश नागरिकत्वासाठी फॉरेन बर्थ्स रजिस्टरमध्ये (परदेशात जन्मलेल्यांच्या नोंदवहीत) नाव घालायचे असेल, तर या संकेतस्थळावरचे पीडीएफ चालत नाही. आयर्लंडच्या जनरल रजिस्टर ऑफिसकडून (मुख्य नोंदणी कार्यालयाकडून) अधिकृत दाखला मागवावा लागतो. एका दाखल्याचे 20 युरो पडतात. अर्जात नाव, वर्ष, नोंदणी जिल्हा आणि ग्रुप रजिस्ट्रेशन आयडी लिहिला की कार्यालयाला नोंद शोधत बसावे लागत नाही. पणजोबांच्या आधारे अर्ज करणाऱ्याने दाखले मागवण्याआधी एक गोष्ट पाहावी: अर्जदाराच्या जन्माआधी त्याच्या आईने किंवा वडिलांनी स्वतःचे नाव त्या रजिस्टरमध्ये घातले होते का. घातले नसेल तर या मार्गाने अर्ज सहसा मंजूर होत नाही, आणि दाखल्यांचे पैसे वाया जातात.