वैमानिकांची इंग्रजी संभाषण चाचणी : दोन केंद्रे, दोन अनुभव

माझ्या परवान्यावरील इंग्रजी प्रावीण्याची मुदत संपत आल्यामुळे गेल्या महिन्यात मी ही चाचणी दुसऱ्यांदा दिली. आमच्या क्षेत्रात तिला सगळे ‘ईएलपी’ (इंग्लिश लँग्वेज प्रोफिशियन्सी) म्हणतात. तीन वर्षांपूर्वी जेथे पहिली चाचणी दिली होती ते केंद्र या वेळी मी जाणीवपूर्वक टाळले आणि दुसऱ्या शहरातील केंद्र निवडले. दोन्ही केंद्रांची नावे मी देत नाही, कारण मला सांगायचे आहे ते ही चाचणी कशी घेतली गेली पाहिजे याविषयी.

पहिल्या केंद्रात माझे गाव, शिक्षण आणि छंद विचारले गेले, धावपट्टीवरील विमानाचे एक छायाचित्र दाखवून त्याचे वर्णन करायला सांगितले गेले आणि दहा-बारा मिनिटांत मला चौथी, म्हणजे उत्तीर्ण होण्यापुरती, पातळी मिळाली. सातारा जिल्ह्यातील मराठी माध्यमाच्या शाळेत शिकलेल्या मला त्या दिवशी हायसे वाटले होते. प्रत्यक्ष उड्डाणे सुरू झाल्यावर मात्र लक्षात आले की, जे तपासायला हवे होते त्याला त्या दहा मिनिटांत कोणी हातच लावला नव्हता.

ही चाचणी का अस्तित्वात आली हे आपल्या देशातील वैमानिकांना तरी वेगळे सांगावे लागू नये. 12 नोव्हेंबर 1996 रोजी हरियाणातील चरखी दादरीजवळ सौदी आणि कझाक विमानांची आकाशात टक्कर होऊन 349 जणांचा मृत्यू झाला. कझाक विमानाला 15,000 फुटांपर्यंतच खाली येण्याची परवानगी असताना ते त्याखाली उतरले होते, आणि त्यातील कर्मचाऱ्यांचे अपुरे इंग्रजी हा चौकशीतील महत्त्वाचा मुद्दा ठरला. दोनच वर्षांनी, 1998 मध्ये, ‘आयकाओ’ म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या महासभेने भाषेच्या प्रश्नावर ठराव केला. 2003 मध्ये नियम मंजूर झाले आणि मार्च 2008 पासून ते लागू झाले. त्यांनुसार उच्चार, वाक्यरचना, शब्दसंग्रह, ओघ, आकलन आणि संवाद अशा सहा अंगांनी उमेदवाराची परीक्षा होते, पातळ्याही सहाच आहेत, आणि आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी किमान चौथी पातळी लागते. सहा अंगांपैकी सर्वांत कमी गुण ज्याला मिळतात, तीच उमेदवाराची अंतिम पातळी धरली जाते. हा नियम अनेकांना जाचक वाटतो. मला तो पूर्णपणे योग्य वाटतो, कारण अस्खलित बोलणारा पण समोरच्याचे न समजणारा वैमानिक अबोल वैमानिकापेक्षाही धोकादायक असतो.

नव्या केंद्रात माझी चाचणी सुमारे अर्धा तास चालली. समोर दोन परीक्षक होते : एक निवृत्त हवाई वाहतूक नियंत्रक आणि एक इंग्रजीच्या प्राध्यापिका. एक विमान वाहतुकीतील जाणकार आणि एक भाषेचा जाणकार अशी जोडी असावी हीच आयकाओची अपेक्षा आहे, आणि या जोडीमुळे चाचणीला किती खोली येते ते मी तेथे अनुभवले. ठरावीक रेडिओ वाक्ये त्यांनी जवळजवळ विचारलीच नाहीत, कारण ती आरटीआरच्या, म्हणजे विमानातील रेडिओ वापरण्याच्या परवान्याच्या, परीक्षेत तपासली गेलेली असतात. त्यांचा सगळा भर ही ठरावीक वाक्ये संपतात तेथून पुढे उमेदवार काय बोलतो यावर होता.

मला चार चित्रांची एक मालिका देण्यात आली. आसनांमधील वाटेत एक तरुण प्रवासी आडवा पडला होता, हातपाय ताठ, मुठी आवळलेल्या, आणि केबिन कर्मचारी त्याच्याशेजारी गुडघ्यांवर बसली होती. नियंत्रकाच्या भूमिकेतील परीक्षकांना मी परिस्थिती कळवायची होती. डोक्यात ‘आकडी’ आणि ‘दातखीळ’ हे शब्द लख्ख उभे होते, पण इंग्रजी शब्द काही केल्या आठवेना. मग मी सांगितले की, प्रवाशाचे अंग थरथरत आहे, जबडा घट्ट मिटला आहे, तो हाकेला प्रतिसाद देत नाही, आणि उतरताच आम्हाला डॉक्टर लागेल. प्राध्यापिकाबाईंनी नंतर समजावले की, शब्द न आठवता आशय पोहोचवणे हेच चौथ्या पातळीच्या शब्दसंग्रहाचे लक्षण आहे. पण आशयाबरोबर निकडही स्पष्ट सांगावी लागते. 1990 मध्ये न्यूयॉर्कजवळ आव्हियांका कंपनीचे विमान इंधन संपून कोसळले आणि 73 माणसे गेली, तेव्हा इंधन संपत असल्याचा उल्लेख रेडिओवर झाला होता. ‘आणीबाणी’ हा शब्द मात्र कोणी उच्चारला नव्हता. म्हणून परीक्षकांनी मला लगेच विचारले : ही आणीबाणी आहे, की तुम्ही फक्त प्राधान्य मागत आहात? तो एक प्रश्न मला संपूर्ण चाचणीत सर्वांत मोलाचा वाटला.

उच्चारांबाबत आपल्याकडे विनाकारण धास्ती आहे. मातृभाषेची छाप चौथ्या पातळीला मान्य आहे, फक्त तिच्यामुळे समजण्यात वारंवार अडथळा येता कामा नये. रेडिओवर तर ‘थ्री’ऐवजी ‘ट्री’ आणि ‘नाइन’ऐवजी ‘नायनर’ म्हणणे हाच नियम आहे. परदेशी ढब उसनी आणण्यासाठी शिकवणीवर पैसे घालवणाऱ्या मुलामुलींनी हे आवर्जून लक्षात घ्यावे.

ध्वनिमुद्रिते ऐकण्याच्या भागात मात्र हे केंद्र कमी पडले. मुद्रिते उत्तम निवडलेली होती, फ्रेंच, अरबी, चिनी अशा निरनिराळ्या वळणांचे आवाज त्यांत होते. पण ती हेडफोनऐवजी टेबलावरच्या लहान स्पीकरवर ऐकवली गेली आणि त्यात भर म्हणून खोलीतील वातानुकूलन यंत्राची घरघर होती. उंचीचा एक आकडा मला दोनदा विचारावा लागला. 1989 मध्ये क्वालालंपूरजवळ ‘टू फोर झिरो झिरो’ या सूचनेतील पहिला ‘टू’ म्हणजे ‘पर्यंत’ नसून दोन हा आकडा आहे हे वैमानिकांच्या लक्षात आले नाही, ते 2,400 ऐवजी 400 फुटांकडे उतरू लागले आणि मालवाहू विमान डोंगरावर आदळून त्यातील चौघेही मृत्युमुखी पडले. आकडे ऐकण्याची परीक्षा घेताना आवाज स्वच्छ असणे म्हणूनच अत्यावश्यक आहे. ही तक्रार मी तेथे लेखी दिली आहे.

निकालपत्रावर केवळ अंतिम पातळी असते. मी विनंती केल्यावर परीक्षकांनी सहाही अंगांचे गुण तोंडी सांगितले : पाच अंगांत पाचवी पातळी आणि आकलनात चौथी. त्यामुळे माझी मुदत सहाऐवजी तीनच वर्षांची राहिली. चाचणी देणाऱ्या प्रत्येकाने हे सविस्तर गुण मागून घ्यावेत, आणि नाव नोंदवण्यापूर्वी परीक्षक किती व कोण असतील आणि हेडफोन मिळतील का, हे दोन प्रश्न फोनवर जरूर विचारावेत. तीन वर्षांनी मी याच केंद्रात जाणार आहे; तोपर्यंत दररोज निरनिराळ्या देशांतील नियंत्रकांचे बोलणे ऐकून आकडे वहीत उतरवण्याचा सराव मी सुरू केला आहे.